पंगतीतली काइपिरीन्या

गिलास नेहमी खालून धरायचा. काठाला हात लावायचा नाही आणि आत बोट तर मुळीच घालायचं नाही. बारमागच्या कामात मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. दारूची नावं, मापं, भाव हे सगळं नंतर आलं. ज्यांनी शिकवलं ते म्हणायचे, गिऱ्हाईक जिथं ओठ लावणार तिथं तुझं बोट लागलं, की मग तू काय बनवलंस याला किंमत नाही. मी ते इतकं मनावर घेतलं की आजही घरी पाण्याचा पेला तळाशी धरून पुढे करतो. बायको सुनंदा म्हणते, "इथं कोन टीप देनार हाय तुमाले?"

मी वाशिम जिल्ह्यातल्या रिठदचा. आमची लिंबाची बाग आहे, थोडं सोयाबीन, थोडी तूर. बाग दादानं सांभाळली. भास्करदादा माझ्याहून बराच मोठा. मी मात्र विशीत गोव्याला गेलो आणि पन्नाशी ओलांडेपर्यंत तिथल्या एका हॉटेलात बारमागे उभा राहिलो. शेवटी मनगटं दुखायला लागली तेव्हा परत आलो. गावात मी काय काम करतो हे कुणाला नीट सांगता यायचं नाही. आई हयात होती तोवर ती सांगायची, "लहाना सरबताच्या खात्यात हाय." मी ते कधी दुरुस्त केलं नाही. अगदीच खोटं नव्हतं, पण टोचायचं.

लोकांना वाटतं बारमागचा माणूस बाटल्या फेकतो आणि झेलतो. मी एकदाही फेकली नाही. निम्मा वेळ जातो गिलास धुण्यात, पुसण्यात, बर्फ फोडण्यात आणि लिंबं चिरण्यात. उरलेला निम्मा ऐकून घेण्यात. आणि एक काम असतं ते नाही म्हणण्याचं. समोरच्याला आता पुरे झालं हे त्याच्या आधी आपल्याला कळतं. मी ज्यांना नाही म्हटलं ते रागावले. ज्यांना नाही म्हणायला हवं होतं आणि म्हटलं नाही, ते मला अजून आठवतात. त्यांचं काही वाईट झालं असं मला माहीत नाही. तरी आठवतात.

एक वकीलसाहेब होते. दरवर्षी मित्रांची टोळी घेऊन यायचे. एका वर्षी आधी एकटेच काउंटरवर आले आणि हळूच म्हणाले, डॉक्टरांनी पूर्ण बंद केलीय, पण टेबलावर कळता कामा नये. मग मी त्यांना जिनच्या गिलासात सोडा, लिंबाची चकती आणि पुदिन्याचं पान घालून द्यायला लागलो. दुसऱ्या गिलासानंतर ते गाणी म्हणायचे आणि तिसऱ्यानंतर जुन्या केसेस सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. मी सोड्याची बाटली पुन्हा वाचून पाहिली, काही चुकलं तर नाही ना म्हणून. निघताना त्यांच्या पत्नी काउंटरवर आल्या आणि म्हणाल्या, "मला सगळं माहीत आहे. पुढच्या वर्षी पुदिना थोडा जास्त घाला." मी सबंध टेबलाला फसवतो आहे या काळजीनं आठवडाभर नीट जेवलो नव्हतो.

लिंबाचं मात्र मला खरंच वाईट वाटायचं. बारमध्ये एका लिंबाच्या दोन सुरेख चकत्या काढतात आणि बाकीचं कचऱ्याच्या टोपलीत टाकतात. लिंबाच्या झाडाला काटे असतात. तोडणीच्या दिवसांत दादाचे हात कोपरापर्यंत ओरखडलेले असायचे, वहिनी त्यावर हळद लावायची. ते हात डोळ्यांपुढे यायचे आणि टोपलीतली अर्धी लिंबं मी गुपचूप वेचून ठेवायचो. काम संपलं की त्यांचं लोणचं घालायचो. हॉटेलचा आचारी सगळ्यांना बोलावून दाखवायचा, "या, बघा, वाशिमवाला कचऱ्याचं लोणचं घालतोय." वर्षभरानं तोच आचारी ताटली घेऊन माझ्याकडे लोणचं मागायला यायचा.

आता मार्ताबद्दल सांगतो. ब्राझीलची बाई, पुलांची इंजिनिअर. दर हिवाळ्यात पंधरवडाभर यायची. पहिल्याच दिवशी तिनं काइपिरीन्या मागितली. हे त्यांच्याकडचं लिंबाचं पेय, तिथं घरोघरी होतं. आत चारच गोष्टी: लिंबू, साखर, बर्फ आणि काशासा. काशासा म्हणजे उसाची दारू. रम मळीपासून करतात, ही उसाच्या ताज्या रसापासून, त्यामुळे तिला गुऱ्हाळात उभं राहिल्यासारखा वास येतो. मी ती शिकलेल्या पद्धतीनं बनवली. बाटलीतला लिंबाचा रस, साखरेचा पाक, खळाखळा हलवलं, गाळलं आणि वर छत्री लावून दिलं. तिनं एक घोट घेतला, छत्री काढून माझ्या हातात दिली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली की पेय चांगलं आहे, फक्त ते हे नाही.

मग तिनं लिंबू आणि सुरी मागितली. लिंबाची दोन्ही टोकं कापली. उभं चिरलं आणि मधली पांढरी शीर काढून टाकली, कारण कडूपणा तिथंच असतो. फोडी गिलासात टाकल्या, वर साखर. साखर दाणेदारच हवी, दळलेली नको, कारण तिचे दाणे सालीवर घासले जातात आणि सालीतलं तेल सुटतं. सगळी चव त्या तेलात आहे. मग लाकडी दांडक्यानं दाबायचं. "दाब, कुटू नकोस," ती म्हणाली. कुटलं की साल फाटते आणि पेय कडू होतं. वर फोडलेला बर्फ, काशासा, एकदा ढवळायचं. गाळायचं नाही, फोडी आतच. आणि लगेच प्यायचं. हे पेय थांबत नाही.

तिनं सांगितलं की नावाचा अर्थ साधारण खेड्यातली पोर असा होतो. मी म्हटलं, मीपण खेड्यातला आहे, आमच्या घरी ह्याच लिंबांची बाग आहे. ती म्हणाली, मग तर तुला माफीच नाही. जाता जाता हेही म्हणाली की त्यांच्या घरी प्रत्येकाला वेगळा गिलास देत नाहीत. एकच मोठा गिलास करतात आणि तो हातोहात फिरतो. मी हॉटेलचा माणूस. सगळ्यांचे ओठ एकाच काठाला, हे ऐकून माझं तोंड वाकडं झालं असणार, कारण ती खूप वेळ हसत होती.

त्याच सुमाराला एकदा एक गिऱ्हाईक आलं. मी फोनवर सुनंदाशी बोलत होतो, "मले उशीर होईन," एवढंच म्हणालो असेन. काउंटरवरचा माणूस एकदम सरळ बसला. "भाऊ, तुमी वाशिमकडचे काय?" तो धनजचा, बियाण्यांचा व्यापारी. दोघांनाही इतका आनंद झाला की मी त्याला लोणचंसुद्धा दिलं. तो गावी परतला आणि रिसोडच्या बाजारात दादाला भेटला. वाईट काही बोलला नाही बिचारा. मोठ्या कौतुकानं सांगितलं, तुमचा भाऊ लय चांगला मानूस हाय, आमचे उष्टे गिलासबी सोता उचलून नेले त्यानं.

पुढच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा दादा बागेत पाणी देत होता. मला पाहून नळी खाली ठेवली आणि म्हणाला, "गजू, एक गोष्ट सांगतो. तू दारू पाजतं, त्याचं मले काई नाई. पन घरी लिंबाची बाग असून तू लोकाइचे उष्टे गिलास उचलतं, हे मले पटत नाई."

बस, एवढंच. पुन्हा कधी त्यानं हा विषय काढला नाही. दारूचं त्याला खरंच काही नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तोही घ्यायचा. पण त्या दिवशी मी त्याला तांब्या दिला आणि त्यानं पाणी वरून प्यायलं. म्हणजे मान मागे टाकून, तांब्या ओठांना न लावता, धार सरळ तोंडात. आमच्याकडे सगळेच असं पितात, तांब्या उष्टा होऊ नये म्हणून. पण आम्ही दोघं भाऊ लहानपणापासून एकाच तांब्याला तोंड लावून प्यायलो होतो. आधी तो, मग मी. भाकरी एकच, तांब्या एकच. त्या दिवसापासून दादा माझ्या हातचं पाणी वरूनच प्यायचा. सुनंदा म्हणायची, "तुमाले उगाच दिसते तसं. मोटा मानूस हाय, वय झालं, सवय बदलली असन." असेलही. मला कशातही माझी चूक दिसते, हा माझा जुना आजार आहे. पण मी दरवेळी तांब्याकडे बघायचो.

गेल्या हिवाळ्यात दादाची साठी झाली. हॉल, बॅनर, केक यातलं त्याला काही नको होतं. शोभावहिनीनं बागेत चिंचेखाली रोडगे ठरवले. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी, वरणाशी खायचे. घरची आणि शेजारची दहा-बारा माणसं. आदल्या दिवशी दादा माझ्याशेजारी ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ लिंबाच्या भावावर बोलला, विहिरीवरच्या मोटारीवर बोलला. मग एकदम म्हणाला, "तू तिथी लोकाइले जे पाजत होता ना, ते उद्या मले पाज. पाहू तं दे, एवढे वर्षं काय करत होता तू."

मला रात्री झोप लागेना असं सुनंदा म्हणते. मला वाटतं झोप लागली होती, फक्त झोपेतही लिंबं चिरत होतो. मार्तानं शेवटच्या भेटीत दिलेली काशासाची बाटली कपाटात होती, न फोडलेली. सकाळी रिसोडला जाऊन बर्फाची लादी आणली, पोत्यात भुसा भरून. येताना परवाना असलेल्या दुकानातून सगळ्यांचे एक दिवसाचे पिण्याचे परवानेही आणले, कारण नियम आहे आणि नियम मोडून मला घोटभर पाणीही गिळत नाही. दादानं ते पाहिले आणि शेजारच्या शालिकमामांना म्हणाला, "मामा, आता रोडगे खायले कागद लागते."

"माह्या जावयाले दाखोजो," मामा म्हणाले. "रोज पेते, पन त्यानं आजलोक एकबी कागद नाई केला."

दांडक्यासाठी वहिनीचं लाटणं मागितलं. वहिनी म्हणाली, "न्या. पन उद्या पोयीले दारूचा वास आला तं तुमीच खाजा." लिंबं दादानं स्वतः तोडून आणली. पिवळी नाही, जरा हिरवट, पातळ सालीची. मी काही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, हीच काहून? तो म्हणाला, "सरबताले पिवळं चालते. साल खायची असन तं हिरवं पाह्यजे. तूच सांगतलं ना काल, सालीसकट टाकतो म्हनून." मी कधी सांगितलं मला आठवत नव्हतं. त्यानं ऐकलं होतं.

मग मी चिंचेखाली पाट मांडला आणि कामाला लागलो. माणसं सतरंजीवर ओळीनं बसली. एक गिलास करायचा, खालून धरून समोर ठेवायचा, मागे यायचं, दुसरा करायचा. हॉटेलात असंच करतात. मान खाली घालून मी शिरा काढत होतो, साखर घालत होतो, लाटण्यानं दाबत होतो. इतक्या वर्षांत इतक्या मनापासून कुणासाठी केलं नव्हतं. वहिनी आरापाशी रोडगे उलटत होती, तिला बिनदारूचा एक गिलास आधीच नेऊन दिला. तिनं पदरानं घाम पुसला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला. "बाप्पा, हे तं लय भारी हाय," ती म्हणाली. माझ्या जिवात जीव आला.

शेवटचा गिलास ओळीच्या टोकाला ठेवून मी वर पाहिलं तर एकाही गिलासाला कुणी हात लावलेला नव्हता. सगळे मांडी घालून, हात गुडघ्यावर ठेवून बसले होते. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय पंगत जेवत नाही. काइपिरीन्याचीही पंगतच झाली होती. शालिकमामांनी विचारलं, "झालं का वाढून?" कुणीतरी हो म्हणालं. मामांनी मोठ्यानं 'हर हर महादेव' केलं आणि सगळ्यांनी एकदम गिलास उचलले.

पहिल्या गिलासातला बर्फ केव्हाच पाणी झाला होता, फोडी तळाशी बसल्या होत्या. दुपारचं ऊन, हिवाळा असला तरी. दादाला सगळ्यात आधी वाढलं होतं, कारण त्याचीच साठी. त्यानं वरूनच दोन घोट तोंडात घेतले, गिलास खाली ठेवला आणि थोडा विचार करून म्हणाला, "चांगलं हाय. लिंबूपानी होये ना हे?"

कुणी हसलं नाही, हेच वाईट होतं. शालिकमामा समजूत घालायला म्हणाले, "उपासाले चालन असं हाय. लय हलकं." मी पाटावर बसलो. दादानं आयुष्यात एकदा माझं काम पाहायला मागितलं होतं आणि मी त्याच्यापुढे बर्फाचं पाणी ठेवलं होतं. एवढी वर्षं लोकांचे उष्टे गिलास उचलून हाच काय तो माझा हुन्नर, असं त्याला वाटलं असेल, असं मला वाटलं.

तेवढ्यात वहिनी आरापासून ओरडली, "अहो, माहा तं असा नव्हता! माहा झणझणीत होता." दादा म्हणाला, "तुहा बिनदारूचा होता." वहिनी म्हणाली, "तरीबी झणझणीत होता. मी का तुमच्यासारखी वाट पाहत बसली होती काय?"

ते ऐकलं आणि मला मार्ता आठवली. हे पेय थांबत नाही. आणि तिच्या घरचा तो एक गिलास. बाटलीत तळाशी थोडी उरली होती. मी घरातला सगळ्यात मोठा, ताकाचा स्टीलचा गिलास घेतला. उरलेली सगळी लिंबं, मूठभर साखर, लाटणं, लादीच्या मधला कडक बर्फ, उरलेली काशासा. एकदा ढवळलं आणि सरळ शालिकमामांच्या हातात दिला. म्हटलं, "मामा, कोनाची वाट नाई पाहायची. घोट घ्या अन् पुढं द्या."

मामांनी सवयीनं मान मागे टाकली आणि वरून ओतलं. पाण्याची धार वेगळी आणि फोडींचा, बर्फाचा गिलास वेगळा. आधी काही आलंच नाही, मग सगळं एकदम आलं. बर्फाचा खडा नाकावर, लिंबाची फोड डोळ्यावर, अर्धी काशासा मिशीत. मामा डोळे मिटून मिशा चाटत बसले. मग हळूच म्हणाले, "आता समजलं. हे लिंबूपानी नाई." सतरंजीवरची सगळी माणसं हसून हसून एकमेकांवर पडली. वहिनीच्या हातातून रोडगा आरात पडला. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी पोट दुखेपर्यंत.

"वरून नाई जमत याले," मी म्हटलं. "तोंड लावा लागते."

गिलास दादाकडे गेला होता. त्यानं तो हातात धरला, आतल्या फोडींकडे पाहिलं, आपल्याच झाडाची लिंबं ओळखल्यासारखं. सगळे बघत होते. मग त्यानं गिलास ओठांना लावला आणि एक चांगला लांब घोट घेतला. थंडीनं त्याचे डोळे बारीक झाले. तोंडात आलेली फोड त्यानं सालीसकट चावली. "साल खरीच चांगली लागते बे," तो म्हणाला, आणि गिलास शेजारच्याकडे न देता हात लांब करून माझ्याकडे केला. "घे. तू तं घेतलीच नाई अजून."

काठावर त्याच्या ओठांची ओल होती. मी तिथंच तोंड लावलं. चव कशी होती हे मला सांगता येणार नाही. व्यवसायानं ते सांगता यायला हवं. साखर बहुतेक थोडी जास्त झाली होती.

गिलास दोनदा ओळभर फिरला आणि संपला. मग रोडगे आले, तुपात थबथबलेले, आणि ती पंगत मात्र सगळ्यांनी रीतसर वाट पाहून सुरू केली. मामा प्रत्येक घासाला मिशी हुंगत होते. वहिनीनं पुढच्या वर्षी बायकांचीही एक पंगत करायची असं जाहीर केलं आणि ती चुलीपाशी उभ्यानं करायची, बसून नाही, असंही.

जेवणं झाली तशी मी सवयीनं उठलो. सतरंजीभर गिलास पडले होते, तळाशी साखर आणि साली घेऊन. मी पहिल्याला हात लावणार तोच दादा म्हणाला, "बस तू. आज तू नाई उचलायचे."

"अरे, तुही साठी हाय," मी म्हटलं.

"म्हनूनच सांगून राह्यलो ना. बस."

तो उठला. गुडघा दुखतो म्हणून जरा वाकडा वाकला आणि सगळ्यांचे उष्टे गिलास एकेक करून गोळा करायला लागला. पाच गिलास एका हातात, पाच दुसऱ्या, खेड्यात उचलतात तसे, प्रत्येकात एक बोट घालून, तळाच्या साखरेपर्यंत. मग दोन्ही हात अंगापासून लांब धरून तो मोटारीच्या धारेकडे चालू लागला. गिलासात बोट घातलं म्हणून मी आजवर किती नव्या माणसांना बोललो असेन त्याची गणती नाही. मी चिंचेखाली बसून राहिलो आणि काही बोललो नाही.